उकळून नायट्रेट जात नाही

पिकाने न घेतलेला युरियातला नायट्रोजन हवेतच परत जातो, नुकसान फक्त पैशाचं, असं काही जण म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. त्यातल्या काहीचा नायट्रस ऑक्साइड हा वायू होतो आणि 100 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता अडवतो. शिवाय बराचसा नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप, होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो.

आमची विहीर उसाच्या फडाला लागूनच. पाणी तपासलं तर नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेवर निघालं. घरात तान्हं बाळ, आणि आम्ही पाणी उकळून निर्धास्त होतो! उकळून जंतू मरतात, नायट्रेट नाही जात. पाणी आटेल तसं प्रमाण उलट वाढतं. जास्त झालं तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते, अंग निळसर पडतं.