मदत हवी आहे: विजापूरच्या जामा मशिदीत चित्रकलेची मुलं घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात चित्रकलेचे वर्ग घेते. डिसेंबरअखेर वर्गातली चौदा मुलं-मुली आणि तीन-चार पालक असे एका दिवसासाठी विजापूरला जाणार आहोत. शंभरेक किलोमीटर अंतर, गाडी ठरवून झाली आहे. गोलघुमटाची काळजी नाही, तिथे शाळांच्या सहली कायम असतात. माझे प्रश्न आहेत ते जामा मशिदीबद्दल. खरं तर मी मुलांना तिच्यासाठीच नेतेय, आणि तिथे आजही रोज नमाज होते. लोक जिथे प्रार्थनेला येतात तिथे चौदा पोरांचा घोळका घेऊन कसं जायचं, हे नीट समजून घेतल्याशिवाय मला निघायचं नाही.

एवढा हट्ट का, ते आधी सांगते. पहिल्या अली आदिलशहाने तालिकोटच्या लढाईनंतर (१५६५) ही मशीद बांधायला घेतली. हा चांदबिबीचा नवरा. सोलापूरचा किल्ला तिच्या लग्नात आंदण म्हणून त्याच्याकडे गेला. आमची मुलं त्याच किल्ल्याच्या बागेत खेळून मोठी झाली आहेत, पण ज्याच्याकडे तो गेला त्याने काय बांधलं हे त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेलं नाही. आणि इमारत काय आहे! आत पांढऱ्या चुन्यातल्या कमानींमागे कमानी, नक्षी जवळजवळ नाहीच. नुसत्या प्रमाणबद्धतेवर एवढं मोठं दालन उभं आहे. मग पश्चिमेच्या भिंतीत एकदम तो सोनेरी मिहराब, म्हणजे नमाजेची दिशा दाखवणारी कमानदार खोबण. तो १६३६ सालचा, मुहम्मद आदिलशहाच्या वेळचा. त्यात जे कोनाडे दिसतात ते खरे कोनाडे नाहीत, उठावात आणि रंगात केलेला तो भास आहे. कोनाड्यांत पुस्तकं रचून ठेवलेली, फुलदाण्या मांडलेल्या. इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांना सपाट कागदावर खोली कशी दाखवायची हे शिकवताना मी फळ्यावर कितीही डोकं आपटलं तरी जे होणार नाही, ते त्या भिंतीसमोर अर्धा तास बसून होईल अशी माझी खात्री आहे.

पण अडचण नेमकी बसण्याचीच आहे. तिथल्या जमिनीवर काळ्या रेघांनी चौकोन आखलेले आहेत, एकेका नमाजीपुरते, सगळे मिळून सुमारे सव्वादोन हजार. औरंगजेबाच्या काळात ते आखले असं सांगतात. म्हणजे ती फरशी नुसती फरशी नाही, प्रत्येक चौकोन कुणाची तरी जागा आहे. तिथे आम्ही पॅड घेऊन फतकल मारली तर कुणाला खटकेल का? की अंगणातून, कमानींच्या बाहेरून काढावं? जलरंग नेणारच नाही, फक्त पेन्सिल. पण पेन्सिलीला टोक करताना भुगा पडतो, खोडरबराचा कचरा होतो, त्याचाही विचार करते आहे.

दुसरं, मुली. वर्गात निम्म्याहून जास्त मुलीच आहेत. आठवीतल्या एकीने सरळ विचारलं, "मॅडम, आम्हाला आत सोडतील ना?" मला ठाम उत्तर देता आलं नाही. तिथे जाऊन मुलगे आत आणि मुली पायरीवर असं झालं तर मला ते अजिबात चालणार नाही. त्यापेक्षा सगळ्यांनीच बाहेरून काढलेलं बरं. ओढणी, पूर्ण बाह्या वगैरे सांगेनच.

शिवाय परवानगी कुणाकडे मागायची? मशीद पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण नमाज तिथल्या लोकांची. मला दोन्हीकडे विचारायचं आहे. आणि भेटल्यावर आम्ही सलाम करावा की नमस्कार? बिगरमुस्लिम माणसाने सलाम केला तर ते ओढूनताणून वाटतं का? मुलांना खरंच काय शिकवू ते कळत नाहीये.

कुणी मुलांना घेऊन गेलं असेल, किंवा त्या भागातलं कुणी असेल, तर सविस्तर लिहा.

भीमाकाठ:

ताई, माझं आजोळ विजापूरचं. इतकं विचारून येताय याचंच बरं वाटलं.

वेळेपासून सुरू करतो. शुक्रवार टाळाच, जुम्म्याला दुपारी गर्दी असते. बाकी दिवशी फजर, म्हणजे पहाटेची नमाज, उजाडायच्या आत होऊन जाते, त्यानंतर थेट दुपारची, जोहर. म्हणजे सकाळचे नऊ ते बारा हा सगळ्यात मोकळा वेळ. जमातीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायच्या नमाजेच्या, नेमक्या वेळा मशिदीत लावलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी छोट्या घड्याळांची रांग असते, एकेका नमाजेचं एकेक. आत गेल्यावर आधी ती मुलांना दाखवा. अजान झाली की आवरायला घ्या, हे त्यांना आपोआप समजेल.

चौकोनांवर पाय पडला म्हणून कुणी रागावणार नाही, चालायला दुसरी जागाच नाही. चपला बाहेर, एवढं पुरे. बसायचं तर खांबाला धरून, कडेला बसवा, मधल्या वाटेत नको. पाय मिहराबाच्या दिशेने पसरू देऊ नका. किबला, म्हणजे नमाजेची दिशा, त्या बाजूला आहे, आमच्या घरी लहान पोरालाही तेच सांगतात. मध्येच कुणी एकटा नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही, मागून वळसा घ्यायचा. त्याचं चित्र किंवा फोटोही नको. खिडकीत, फळीवर कुराणाच्या प्रती असतात, त्यांना हात लावू नये. अंगणातला हौद वजूसाठी, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी असतो, त्यात ब्रश-बाटल्या विसळू नका (जलरंग नाहीत म्हणालात, तरी सांगून ठेवतो).

पर्यटक म्हणून आलेल्या बायका-मुली आत जाताना मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. अगदी मिहराबाजवळ बसू देणं मात्र त्या वेळी जो जबाबदार माणूस असेल त्याच्यावर आहे, म्हणून आदल्या दिवशी कुणाला तरी पाठवून इमामसाहेबांना किंवा कमिटीतल्या कुणाला भेटा. "मुलं चित्र काढायला येणार आहेत, मुलीही आहेत," असं स्पष्ट सांगा. अचानक घोळका आला की माणूस नाही म्हणून मोकळा होतो, आधी विचारलं की तोच चटई काढून देतो. आसार महालात मात्र बायकांना आत सोडत नाहीत, तो बेतात असेल तर मुलींना आधीच सांगा.

सलाम करा की. नमस्कार केलात तरी तितकंच छान. आमच्याकडे दोन्ही चालतं, तोंड फिरवून पुढे जाणं तेवढं खटकतं. हिंदीत बोला, दखनी, म्हणजे आमच्याकडची उर्दू, ऐकायला मिळेल, अर्धी तर मराठीच वाटेल तुम्हाला.

निळीशाई:

चित्राच्या अंगानेही सकाळच योग्य. दालन पूर्वेला अंगणाकडे उघडं आहे आणि मिहराब पश्चिमेच्या भिंतीत, त्यामुळे सकाळचा उजेड समोरून येतो. दुपारनंतर आत मंद होत जातं.

आणि गोलघुमट आधी घेऊ नका! तिथे वरच्या सज्ज्यात आवाज घुमतो म्हणून पोरं जीव खाऊन ओरडतात. तो उत्साह अंगात घेऊन मशिदीत आली तर तुम्हाला आवरणार नाहीत. आधी मशीद, मग घुमट. वेळ उरला तर मलिक-ए-मैदान तोफ दाखवा. ती ओतली अहमदनगरला १५४९ साली आणि विजापूरला आली परांड्याहून. म्हणजे तिचा निम्मा इतिहास आपल्याकडचाच.

फोटोसाठी स्टँड नेणार असाल तर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. साध्या मोबाइलला काही नाही, फक्त फ्लॅश नको. त्या रंगांवर आधीच पुष्कळ काळ गेला आहे.

लेकुरवाळी:

मी मुलीला घेऊन गेले होते. डिसेंबरात सकाळी दगडाची फरशी बर्फासारखी लागते, सगळ्यांना मोजे सांगा. ओढण्या चार-पाच जास्तीच्या ठेवा, कुणीतरी विसरतंच. आणि खाऊ गाडीतच. आत गेल्यावर एकाने वेफर्सचं पाकीट फोडलं की सगळ्यांचे हात पिशवीत जातात.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. भीमाकाठ, तुमचा प्रतिसाद मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवणार आहे. ती आठवीतली मुलगी तर वाटच बघतेय.

आता बेत असा: बुधवार धरलाय. साडेसहाला सोलापूर सोडायचं, नऊच्या आधी मशिदीत, साडेअकराला पॅड बंद. पेन्सिली घरूनच टोक करून आणायच्या, म्हणजे भुग्याचा प्रश्न मिटला. प्रत्येकाकडे कचऱ्यासाठी कागदी पाकीट. एका विद्यार्थ्याचे वडील कामानिमित्त आदल्या दिवशी विजापुरातच असतात, ते इमामसाहेबांना भेटून येतील. मिहराबाजवळ बसू दिलं नाही तर कमानींची रांग काढायची, त्यातही शिकण्यासारखं भरपूर आहे. आसार महाल बेतातून काढला.

दोन गोष्टी राहिल्या. मिहराबावर पडदा असतो असं कुठेतरी वाचलं होतं. अलीकडे कुणी गेलं असेल तर तो असतो का, आणि विनंती केल्यावर बाजूला करतात का, सांगाल? आणि गोलघुमटाच्या आसपास अठरा जणांना एकत्र बसून शाकाहारी जेवता येईल अशी साधी खानावळ माहीत असेल तर तीही सुचवा, म्हणजे आधी फोन करून सांगता येईल.