‘ऑकल्ट’ म्हणजे लपलेले की लपवलेले?

खाडीकाठ (रत्नागिरी): आईच्या तपासणीच्या अहवालात ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ असे शब्द वाचून मी दचकलो, कारण हा शब्द आजवर मला मंत्रतंत्राच्या आणि भविष्यकथनाच्या पुस्तकांवरच दिसला होता. डोळ्यांना न दिसणारे रक्त एवढाच त्याचा अर्थ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. मग गूढविद्येला हे नाव कसे मिळाले? आणि मुंबईहून येणारे आमचे नातेवाईक आपल्या देवस्कीलाही, म्हणजे कौल, गाऱ्हाणे आणि भगतांच्या विधींनाही, ‘ऑकल्ट’ म्हणतात, ते योग्य आहे का?

मोडीवाचक: डॉक्टरांनी सांगितलेला अर्थच मूळचा आहे. लॅटिन ‘ऑकल्टस’ म्हणजे झाकलेले. चंद्राआड तारा जातो त्या घटनेला इंग्रजीत ‘ऑकल्टेशन’ म्हणतात आणि आपण ‘पिधान’ म्हणतो. पिधान म्हणजेही झाकणच. ज्याचा परिणाम दिसतो पण कारण इंद्रियांना कळत नाही, अशा गुणाला मध्ययुगीन युरोपातील पंडित ‘ऑकल्ट’ म्हणत, आणि लोहचुंबक हे त्यांचे नेहमीचे उदाहरण होते. पुढे अग्रिप्पा या जर्मन पंडिताने असे गुण, ग्रहताऱ्यांचे प्रभाव आणि मंत्रविधी यांची एकत्र मांडणी केली. त्याचा तिन्ही भागांचा ग्रंथ १५३३ मध्ये छापून निघाला आणि त्याच्या नावातच हा शब्द होता. न्यूटनचे गुरुत्वाकर्षणसुद्धा असाच एक ऑकल्ट गुण आहे, असा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने घेतला होता, हे मला फार बोलके वाटते.

माडाची वाडी: वरील माहितीला संस्कृतची बाजू जोडतो. ‘गुह्’ म्हणजे झाकणे. त्यावरून ‘गूढ’ म्हणजे झाकलेले, तर ‘गुह्य’ म्हणजे झाकून ठेवण्याजोगे. लॅटिन शब्दात नसलेली ही जबाबदारीची छटा महत्त्वाची आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात ज्या ज्ञानाला ‘राजगुह्य’ म्हटले आहे, त्यालाच त्याच श्लोकात ‘प्रत्यक्षावगम’, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवता येणारे, असेही म्हटले आहे. म्हणजे ते अदृश्य नाही. ते कोणाला सांगावे याचा विवेक राखायचा आहे. थिऑसफी या अध्यात्मपंथाच्या सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत आले आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यारला गेले. थिऑसफीच्या लेखनातून हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळत गेले, असे माझे मत आहे.

गावऱ्हाटी (सिंधुदुर्ग): देवस्कीबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. आमच्याकडे कौल घेताना, म्हणजे देवाचा होकार-नकार विचारताना, देवाच्या अंगावर तांदूळ किंवा कळ्या लावतात, मानकऱ्यांसमोर मोठ्याने गाऱ्हाणे घालतात आणि उजवी-डावी कोणती कळी पडली हे जमलेला सारा गाव पाहतो. त्यावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण त्यात लपलेले किंवा लपवलेले काहीही नसते. भगत आपला मंत्र फक्त शिष्यालाच देतो, तेव्हा त्याला ‘गुह्य’ म्हणता येईल. देवळातल्या कौलाला तो शब्द लावू नये.