मदत हवी आहे : पहिल्या तासातलं स्तनपान सिस्टरना कसं शिकवावं?

नमस्कार. मी ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये स्टाफ नर्स आहे. नव्या एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) मुलींना शिकवायची जबाबदारी माझ्यावर आलीय. 2016 पासून स्तनपान वाढवण्यासाठी सरकारचा 'माँ' कार्यक्रम आहे, पहिल्या तासात बाळाला पाजायचं हे सगळ्यांना तोंडपाठ. पण प्रत्यक्षात नाळ कापली की बाळ पुसायला, वजनाला, मग वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली. बाळंतिणीचे टाके होईपर्यंत तास सरतो. तोवर बाहेर आजीबाई मधाचं बोट घेऊन तयार!

बाळ लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वर कापड पांघरलं, तर ते ऊबदार राहतं आणि बरेचदा आपणच स्तन शोधतं. हे बोलून पटत नाही. आमच्या मुली घाईने बाळाचं डोकं धरून स्तनावर दाबतात, मग ते रडतं.

तर विचारायचंय : पायमोज्यापासून बनवलेला नमुन्याचा स्तन आणि बाहुली वापरून कुणी पकड, म्हणजे बाळाने स्तन तोंडात नीट धरणं, शिकवलीय का? सिझेरियननंतर कसं जमवता? आणि चिकाचं दूध 'जड' म्हणून पिळून टाकणाऱ्या सासूबाईंना, त्यांचा मान राखून, तुमच्याकडच्या सिस्टर नेमकं काय म्हणतात? तुमचे शब्दच लिहा, मी तेच मुलींकडून घोकून घेईन.