मदत हवी आहे : सॉर्ट केल्यावर गुळाच्या सौद्याची यादी विस्कटते

गूळपेठ : मार्केट यार्डात काकांची अडत आहे, त्यांच्यासाठी मोबाईलवर सौद्याची यादी दाखवणारं छोटं वेबपेज जावास्क्रिप्टमध्ये करतोय. गुळाचे रवे (ढेपा) ५, १० आणि ३० किलोचे. वजनवारी लावायला सॉर्ट मारला तर १०, ३०, ५ असं येतंय, आणि पट्टीवर (शेतकऱ्याला देतो त्या हिशोबाच्या चिठ्ठीवर) भलत्याच शेतकऱ्याचा नंबर पडतोय. उद्या सकाळी सौदा आहे, लवकर सांगा राव.

तांबडापांढरा : कोड टाक की लगा. वजनं आकडे आहेत का स्ट्रिंग (मजकूर)? नंबर कुठनं काढतोस?

रंकाळाकाठ : कोड कशाला पाहिजे. कंसात काही दिलं नाही की सॉर्ट आकड्यांची पण स्ट्रिंग करून तुलना करतो, म्हणून १ वाले आधी आणि ५ शेवटी. (अ, ब) => अ.वजन > ब.वजन टाक, माझं कित्येक वर्षं हेच चाललंय.

तांबडापांढरा : हे नका सांगू त्याला. > मधून खरं नाहीतर खोटं मिळतं, म्हणजे १ किंवा ०, 'अ आधी' असं सांगणारा ऋण आकडा येतच नाही. जुन्या क्रोममध्ये १० नोंदींपर्यंतच्या यादीला, म्हणजे अ‍ॅरेला आतून इन्सर्शन सॉर्ट (एकेक नोंद जागेवर बसवायची पद्धत) होता म्हणून खपून जायचं, २०१८ ला क्रोम ७० आलं आणि ते बंद झालं. अ.वजन - ब.वजन लिही, बास.

रंकाळाकाठ : माझ्याकडं अजून एकदाही चुकलं नाही.

तांबडापांढरा : [५, १०, ३०] उलटं करून एकदा चालवून बघा, मग बोलू.

शिरोलीकर : रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपेज बनवायच्या लायब्ररीत) घे सगळं, लॉगिन पण करता येईल.

गूळपेठ : लॉगिन नकोय मला. वजाबाकीनं क्रम लागला, आभारी आहे. पण नंबर अजून चुकतोय. ओळीच्या इंडेक्समध्ये (शून्यापासून मोजलेल्या जागेच्या क्रमांकात) १ मिळवून पट्टीवर छापतो.

पंचगंगा_घाट : हे आधी सांगायचं भावा! सॉर्ट नवी यादी देत नाही, आहे त्याच अ‍ॅरेची उलथापालथ करतो. ईएस२०२३ (जावास्क्रिप्टची २०२३ ची आवृत्ती) मधला टूसॉर्टेड वापर, तो मूळ यादीला हात लावत नाही.

गूळपेठ : लॅपटॉपवर चाललं. काकांच्या फोनवर 'टूसॉर्टेड इज नॉट अ फंक्शन' येतंय.

पंचगंगा_घाट : फोनवरचं क्रोम ११० च्या आधीचं असणार, त्यात टूसॉर्टेड नाही. मग [...यादी] अशी कॉपी काढ आणि त्या कॉपीवर सॉर्ट. फक्त कॉपी वरवरचीच होते, आतली ऑब्जेक्ट तीच राहतात, कॉपीत कुणाचं वजन बदललंस तर मूळ यादीत पण बदलणार.

दसरा_चौक : बिनकेमिकलचा गूळ मिळतो का तुमच्याकडं? घरी पाच किलो पाहिजे होता.

तांबडापांढरा : गुळाचं नंतर. गूळपेठ, कॉपी काढलीस तरी वजनवारी यादीतल्या पहिल्या ओळीचा इंडेक्स शून्यच असणार, म्हणजे पट्टीवर १ च पडणार, माल कुणाचाही असो. आवक लिहून घेतानाच नोंदीत नंबर घाल आणि पट्टीवर तोच छाप. शेतकरी ती पट्टी घेऊन पैसे मागायला येतो, तिथं चूक चालत नाही.

गूळपेठ : घातला नोंदीत. काकांच्या फोनवर आत्ताच बघितलं, यादी वजनवारी लागलीय, सगळ्यात वर ५ किलोचा रवा, नंबर १४, आणि वहीत पण १४ च आहे. दसरा_चौक, सौदा झाल्यावर सांगतो.