विमानात बॅटरी का घालत नाहीत? की नुसती चित्रंच दाखवतात?

खिडकीची_सीट:
मंडळी, एक शंका कधीपासून डोक्यात आहे, बावळट वाटली तर हसा पण उत्तर द्या. स्कूटर, कार, बस सगळं बॅटरीवर आलं, मग विमान का नाही? दर दोन-चार महिन्यांनी एक गुळगुळीत चित्र फिरत येतं, पंखांवर आठ-दहा छोटे पंखे, खाली हिरवंगार रान, "उद्याचं विमान" वगैरे. नंतर त्याचं काय होतं कोण जाणे. माझी बहीण मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला ह्यातच रिसर्च करायचाय, आणि घरचे म्हणतात हा सगळा देखावा आहे, ह्यात काही दम नाही. खरंच काही चाललंय का, आणि चाललंय तर ही माणसं दिवसभर नेमकं करतात काय?

टर्बाइनचा_हमाल:
बॅटरीचं आधी उरकतो, ते नुसतं वजनाचं गणित आहे. विमानात जळतं ते म्हणजे नीट शुद्ध केलेलं रॉकेलच. त्याच्या एका किलोत साधारण १२ युनिट ऊर्जा, बॅटरीच्या एका किलोत जेमतेम पाव युनिट. आता कोणी म्हणेल मोटर ९० टक्के कार्यक्षम आणि जेट इंजिन ३५-४०, बरोबर आहे, पण ती सूट दिली तरी २० टन रॉकेलाच्या जागी ४०० टन बॅटरी लागते, आणि एवढं रॉकेल नेणारं ए३२० निओ प्रवासी, सामान, इंधन सगळं धरून ८० टनांच्या आतच भरतं. त्यात रॉकेल जळेल तसं विमान हलकं होत जातं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड, तिला घेऊनच उतरायचं. बॅटरीचं विमान नाहीच असं नाही हां, पिपिस्ट्रेल ह्या छोटी विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या वेलिस इलेक्ट्रोला युरोपात २०२० मध्ये रीतसर सर्टिफिकेट मिळालंय, पण ते दोन सीटचं, शिकाऊ पायलटसाठी, पाऊण-एक तास उडणारं.

मग आम्ही इंजिनवाले काय करतो, तर थेंब थेंब वाचवतो. पुढचा मोठा पंखा जितकी जास्त हवा सावकाश मागे ढकलेल तितकं इंधन कमी लागतं, पण ज्या टर्बाइनवर (गरम वायूने फिरणारं मागचं चक्र) तो चालतो तिला मात्र सुसाट पळायचं असतं. एकाच जुवाला बैल आणि घोडा. प्रॅट अँड व्हिटनी ह्या इंजिन कंपनीने मध्ये गिअरबॉक्स घातला, पंख्याच्या एका फेऱ्याला टर्बाइनचे तीन, ते इंजिन २०१६ पासून प्रवासी घेऊन उडतंय आणि आधीच्या पिढीपेक्षा साधारण १६ टक्के इंधन कमी खातं. सीएफएम ही दुसरी इंजिन कंपनी, ते तर आता पंख्याभोवतीचं कवचच काढायला निघालेत, आणखी २० टक्क्यांचं टार्गेट. लफडं एवढंच की आत दाब आणि तापमान वाढवलं की कार्बन डायऑक्साइड कमी होतो पण हवा खराब करणारे नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. ह्या दोघांच्या भांडणावरच माझं पोट चालतं :)

बाटलीतलं_रॉकेल:
हमालभाऊ, इंधन राहिलंच की! मी इंधनाच्या लॅबमध्ये असते, तिथलं सांगते. वापरलेल्या तेलापासून, शेतातल्या काडीकचऱ्यापासून किंवा हवेतला कार्बन आणि वीज वापरून जे रॉकेल बनवतात त्याचा फायदा हा की विमान तेच, इंजिन तेच, टाकी तीच. २८ नोव्हेंबर २०२३ ला व्हर्जिन अटलांटिकचं बोइंग ७८७ अशाच इंधनावर लंडनहून न्यूयॉर्कला गेलं, साधं रॉकेल एक थेंबही नाही. मग रोज का नाही? कारण एरवी निम्म्यापर्यंतच मिसळायला परवानगी आहे, आणि त्याच्या कारणांतलं एक म्हणजे बोटाएवढी रबराची रिंग.

साध्या रॉकेलात ॲरोमॅटिक्स नावाची द्रव्यं असतात, ती नायट्राइल रबरात शिरतात, रबर किंचित फुगतं आणि जॉइंट घट्ट बसतो. नव्या पद्धतीच्या बहुतेक इंधनांत ती जवळजवळ नसतातच. नवीकोरी रिंग असेल तर फार काही बिघडत नाही, खरी पंचाईत जुन्या रिंगची, ती वर्षानुवर्षं फुगून बसलेली असते, इंधन बदललं की आकसते आणि जोडावर ओल दिसायला लागते. त्या लंडनच्या विमानात म्हणूनच वनस्पतींच्या साखरेपासून बनवलेलं ॲरोमॅटिक इंधन मुद्दाम १२ टक्के घातलं होतं.

माझा दिवस म्हणाल तर काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत वेगळं मिश्रण, आत रिंगा. ठरलेल्या दिवशी चिमट्याने काढायची, टिपकागदावर टिपायची, एकदा हवेत आणि एकदा पाण्यात बुडवून वजन करायचं म्हणजे किती फुगली ते कळतं. हे झटपट करावं लागतं, रेंगाळलात तर रबरातलं इंधन उडून जातं आणि आकडा वाया. एकदा मध्येच फोन घेतला आणि अख्खी बॅच पहिल्यापासून केली. देखावा म्हणणाऱ्यांना एक दिवस इथे आणून बसवा, वासानेच पळतील.

हिशेबी_माणूस:
रिंगा ठीक आहेत हो, पण इंधन आणणार कुठून? २०२४ मध्ये जगात असं इंधन बनलं १० लाख टन, विमानांना लागतं त्याच्या ०.३ टक्के. युरोपने २०२५ पासून २ टक्के सक्तीचं केलंय, २०५० ला ७० टक्के म्हणतात. तळणीचं तेल काय आभाळातून पडणार आहे? वीज वापरून बनवायचं तर निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच जाते. सरळ हायड्रोजन का नाही जाळत?

टर्बाइनचा_हमाल:
जाळलाय की! १९८८ मध्ये सोव्हिएत तुपोलेव्ह १५५ एक इंजिन द्रव हायड्रोजनवर चालवत उडालं होतं. वजनाला हायड्रोजन झकास, रॉकेलाच्या जवळपास तिप्पट ऊर्जा, पण उणे २५३ अंशांवर ठेवायचा आणि तेवढ्याच ऊर्जेला जागा चौपट. पंखात मावत नाही, गोल टाकी पोटात घ्यावी लागते, म्हणजे सीट गेल्या. एअरबसने २०२० मध्ये २०३५ सालचा वायदा केला होता, तोही आता पुढे ढकललाय. इंधन कुठून आणणार ह्यावर मात्र तुमचं म्हणणं खोडता येत नाही.

ढगाळ:
सगळे कार्बनवरच बसलेत म्हणून मध्ये बोलतो. विमानामागे ती पांढरी रेघ उमटते ना, ती तासन्‌तास टिकली आणि पसरली की जमिनीची उष्णता अडवते, रात्री तर नुसतीच अडवते कारण परतवायला ऊन नसतं. पण अशा रेघा थोड्याच उड्डाणांच्या असतात. जिथे त्या टिकतात ते हवेचे थंड दमट थर शेकडो किलोमीटर पसरलेले पण जाडीला काहीशे मीटर, म्हणजे विमान थोडं वर-खाली नेलं की सुटका. गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०२३ मध्ये ७० उड्डाणांवर हे करून पाहिलं, रेघा ५४ टक्क्यांनी कमी. इंधन किंचित जास्त जातं. अवघड आहे ते तो थर नेमका कुठे असेल हे आदल्या दिवशी सांगणं, कारण तेवढ्या उंचीवरच्या दमटपणाची मोजमापं फार कमी आहेत, आम्ही तिथेच अडकलोय.

आणि बाटलीताई, तुमची ॲरोमॅटिक्स इथेही आडवी येतात बरं का. त्यांचीच काजळी जास्त होते आणि काजळीच्या कणांवर बर्फ धरतो, तीच ती रेघ. जर्मनीच्या डीएलआर ह्या विमान-अवकाश संशोधन संस्थेने एअरबस ए३५० च्या मागे छोटं फाल्कन विमान उडवून मोजलंय, शंभर टक्के नव्या इंधनावर बर्फाचे कण ५६ टक्क्यांनी कमी.

बाटलीतलं_रॉकेल:
म्हणजे रिंगेला हवीत आणि ढगाला नकोत. माहितीये हो, रोज तेच ऐकते.

खिडकीची_सीट:
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, आभार सगळ्यांचे. बहिणीला दाखवलं. तिने बॅटरीचं ढुंकूनही पाहिलं नाही, थेट विचारतेय की आकसलेली रिंग परत जुन्या रॉकेलात टाकली तर परत फुगते का. मला काय कळतंय त्यातलं.

बाटलीतलं_रॉकेल:
फुगते. पण वर्षानुवर्षं जोडात दाबून बसलेली असेल तर मूळ आकार पूर्ण येईलच असं नाही, म्हणून आम्ही नव्या रिंगांबरोबर वापरून काढलेल्याही बाटलीत घालतो. तिला म्हणावं मेसेज कर.