इस्राएलच्या आधीही, आणि फार दूरही

ज्यूंची शेतकरी गावं म्हटलं की लोकांना इस्राएलमधले किबुत्झ (सामूहिक मालकीची शेतीगावं) आणि मोशाव (सहकारी शेतीगावं) एवढेच आठवतात. पण अर्जेंटिनातलं मोइसेसविल (सांता फे प्रांत) हे ज्यू शेतकऱ्यांचं गाव त्या दोन्हींपेक्षा जुनं आहे.

१८८९ च्या ऑगस्टमध्ये 'वेझर' जहाजातून रशियन साम्राज्यातल्या पोदोलियाहून आठशेहून जास्त ज्यू ब्युनॉस आयर्सला उतरले. कबूल झालेली जमीन मिळालीच नाही. मग पालासिओस नावाच्या जमीनदाराशी नवा करार झाला, पण तिथे ना घरं, ना अवजारं. लोक रेल्वे स्टेशनजवळच्या शेडमध्ये राहिले आणि साथीत साठाहून अधिक मुलं दगावली. गावाच्या दफनभूमीची सुरुवात शेतीच्याही आधीची म्हणायची!

कामानिमित्त अर्जेंटिनात आलेल्या डॉ. लोवेंथाल यांनी ही दैना पाहून बॅरन हिर्श या धनाढ्य ज्यू दानशूराला कळवलं. त्यातून १८९१ मध्ये ज्यूइश कॉलनायझेशन असोसिएशन ही ज्यूंना शेतजमिनीवर वसवणारी संस्था उभी राहिली. मात्र ती धर्मादाय म्हणून जमीन वाटत नव्हती. हप्ते फेडावे लागत, आणि करारावरून वसाहतवाल्यांशी तिचे खटकेही उडत. गहू, अल्फाल्फा (गुरांचा चारा), गुरं असा जम बसला खरा, पण पुढच्या पिढ्या शिकून शहरात गेल्या. 'गहू पेरला, डॉक्टर उगवले' असं तिथलेच लोक म्हणतात. आज गावात ज्यू अल्पसंख्य आहेत.