ऑफिसच्या गेटवेला ओपनबीएसडी टाकावं का? (इंदूर)

रामबागकर:
नमस्कार मंडळी. सियागंजात काकांची घाऊक किराण्याची पेढी आहे. टॅलीचा एक विंडोज सर्व्हर आणि चार पीसी. काका घरून रिमोट डेस्कटॉप लावतात म्हणून राउटरवर पोर्ट सरळ उघडं ठेवलंय. दोन लॅन कार्डांचा एक जुना पीसी पडून आहे, तो गेटवे (इंटरनेट आणि ऑफिसच्या मधला दरवाजा) करायचाय. त्यावर ओपनबीएसडी (सुरक्षेवर भर देणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू की लिनक्सच बरं? कौतुक फार ऐकतो, खरं किती?

लष्करवाला (ग्वाल्हेर):
आधी ते 3389 (रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट) बंद करा, आजच. बाकीचं नंतर.

गेटवेला ओपनबीएसडी बिनधास्त टाका. पीएफ हा फायरवॉल त्यांनी 2001 साली 3.0 आवृत्तीमध्ये आणला. नियमांची फाइल नुसती वाचली तरी कळते: वर ‘ब्लॉक’, खाली लागेल तेवढंच ‘पास’. शेवटचा जुळणारा नियम लागू होतो, एवढं लक्षात ठेवा. आयपीटेबल्सची (लिनक्सचा फायरवॉल, तिथे पहिला जुळणारा नियम चालतो) सवय असेल तर आधी उलटं वाटेल. वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे घर ते ऑफिस गुप्त बोगदा) 6.8 पासून कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच आहे. काकांच्या लॅपटॉपवर ते टाकून द्या, रिमोट डेस्कटॉप त्यातूनच.

मांडवीकर (बडोदा):
जरा दमानं. ‘इतक्या वर्षांत बाहेरून घुसता येतील अशी दोनच भोकं’ ही ओपनबीएसडीवाल्यांची फुशारकी डीफॉल्ट इन्स्टॉलपुरती आहे, आणि त्यात जवळपास काही चालूच नसतं. एएसएलआरसुद्धा (प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या जागा दर वेळी बदलणं) आधी लिनक्सच्या पॅक्स ह्या सुरक्षा-पॅचमध्ये आलं. लिनक्स येत असेल तर तेच नीट लावा.

लष्करवाला:
पॅक्सचं मान्य. पण तो पॅच शोधून लावणारे किती होते? ह्यांनी 2003 मध्ये तेच सगळ्यांच्या मशीनवर न विचारता चालू करून दिलं. त्याच वर्षी डब्ल्यू-एक्स: मेमरीच्या पानावर एक तर लिहा, नाही तर तिथला कोड चालवा, दोन्ही एकदम नाही.

माझ्या मते खरी करामत प्लेज आणि अनव्हेल. प्लेजमध्ये प्रोग्रॅम स्वतःच सांगतो की ह्यापुढे मला एवढंच लागेल. त्याबाहेर हात घातला की कर्नल त्याला जागीच मारतो. अनव्हेल फाइली झाकतं. फायरफॉक्समधून फाइल अपलोड करून बघा, घरच्या फोल्डरांपैकी डाउनलोड्सच हाताशी लागतं. पहिल्या दिवशी डोकं फिरतं!

आणि 2024 चं ओपनएसएसएचचं (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) भोक आठवतं ना? ओपनएसएसएच ह्यांचंच, पण फटका बसला ग्लिबसी (मूळ सी लायब्ररी) वापरणाऱ्या लिनक्सला. ह्यांनी सिग्नल हँडलरमधून (प्रोग्रॅमला मध्येच थांबवून चालणारा कोड) बिनधोक चालेल असा सिसलॉग (नोंदी लिहिणारं फंक्शन) 2001 सालीच लिहून ठेवला होता.

रामबागकर:
मग ऑफिसचे पीसीही त्यावरच नेऊ?

लष्करवाला:
अजिबात नको. टॅली चालणार नाही, डिजिटल सहीच्या टोकनची भानगड होईल, ब्लूटूथ तर त्यांनी 2014 मध्ये काढूनच टाकलं. गेटवेवरही दर सहा महिन्यांनी सिसअपग्रेड (नव्या आवृत्तीवर नेणारी आज्ञा) चालवावं लागेल, कारण पॅच शेवटच्या दोनच आवृत्त्यांना मिळतात.

मांडवीकर:
लावणारच असाल तर इंटरनेट कंपनीचा राउटर ब्रिज मोडमध्ये (नुसतं पुढे पाठवणारा) टाका, नाहीतर दुहेरी नॅटमध्ये (पत्ते दोनदा बदलले जाणं) वायरगार्ड शोधत बसाल.